परांचीचं भोक

बिल दहा लाखांचं. हातात नऊ.
कारकून म्हणाला, लाख कुठं जात नाहीत,
आमच्याकडं सुखरूप आहेत.
सुखरूप,
जसं काही पोरगं सुट्टीला मामाकडं ठेवलंय.

उचगावच्या पुढं शाळेच्या खोल्या, वर गच्ची,
चाळीस लाखांचं काम, चार रनिंग बिलं.
पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब,
मोजमाप पुस्तकात इंच न इंच भरला
आणि दर वेळी शेवटच्या ओळीत वजा.

माझा नफा शेकडा नऊ.
त्यांनी ठेवून घेतले शेकडा दहा.
बायकोनं पोराच्या कॅलक्युलेटरवर करून दाखवलं:
म्हणजे एक टक्का पदरचा घालून
मी सरकारला शाळा बांधून दिली,
आणि उद्घाटनाचा नारळही मीच आणला.

स्लॅबखालचे टेकू एकवीस दिवसांत निघतात,
काँक्रीट आपलं वजन आपण पेलायला लागतं.
माझ्या पैशाखालचे टेकू दोन वर्षं.
साहेब म्हणाले, दोष निवारण कालावधी असतो, श्रीपाल,
दोन पावसाळे जाऊ देत. भिंत बोलते.
बरोबरच आहे त्यांचं.
गंगावेशीत धारोष्ण घेताना मीपण म्हणतो,
फेस बसू दे, मग माप बघू.
पण फेस बसायला मिनिट लागतं,
तेवढ्यात म्हैस काय उपाशी मरत नाही.

टोपच्या खडीवाल्याला पावसाळे मोजता येत नाहीत.
लक्ष्मीपुरीतला सळीवाला दर शनिवारी फोन करतो,
आधी आईची तब्येत विचारतो, मग गप्प बसतो.
दुसऱ्या बिलाचं सिमेंट तिसऱ्या बिलातून,
तिसऱ्याचं बायकोच्या भिशीतून,
चौथ्याला कुणी उरलं नव्हतं
म्हणून यल्लाप्पा.

संकेश्वरकडचा गवंडी. ओळंबा सोडला
की वारासुद्धा थांबायचा त्याच्यासाठी.
त्याला म्हणालो, अठरा हजार तेवढे राहू देत,
माझे सुटले की तुझे.
त्यानं तंबाखू मळली.
व्हय मालक, म्हणाला,
आणि चारची एसटी धरली.

दोन पावसाळे गेले. भिंत काही बोलली नाही.
ओल नाही, तडा नाही.
शाखा अभियंता सगळीकडं फिरला,
भिंतीवरच्या हत्तीच्या चित्रावर टकटक करून बघितलं,
मागच्या अंगाला येऊन थांबला. मान वर.
हे काय?

गच्चीच्या खाली, दोन पुरुष उंचीवर,
परांचीचं एक भोक. मूठभर.
बाकीची सगळी बुजवलेली,
शोधूनही सापडू नयेत अशी.
हे एकच उघडं,
आणि त्याच्या कडा थापीनं घोटून चौकोनी केलेल्या.
विसरून राहिलेल्या भोकाला
कुणी कडा काढत नाही.

अहवालात लिहिलं: काम अपूर्ण. रक्कम रोखावी.

मी खाली उभा राहून बघत होतो.
त्यानंही ठेवून घेतलं होतं.
शेकडा किती, कोण जाणे.
माझे चार लाख त्या मूठभर अंधारात बसले होते.

दहा मिनिटांचं काम.
घमेल्यात माल कालवला, शिडी लावली,
चार पायऱ्या चढलो
आणि उतरलो. माल तसाच वाळला.

मिक्सर भाड्यानं दिला होता, त्याचे आले.
रविवारी गाडी काढली.
अठरा हजार मोजले, दोनदा, बोटाला थुंकी लावून,
पाकिटात घातले,
मग त्यातली एक पाचशेची काढून
शर्टाच्या खिशात ठेवली.

का, ते कागल मागं पडल्यावर माझ्या ध्यानात आलं.
पुढं निपाणी गेली, तवंदीचा घाट लागला.
नोट अजून खिशातच होती.